हातात काय होतं?

दुपारी दीडच्या सुमाराला सांगलीच्या गावभागातल्या आमच्या वाड्यात एकदम सामसूम व्हायची. बाबा हळदपेठेत पेढीवर गेलेले असत, काका बँकेत. बायकांची पंगत उठलेली असे. खरकटं काढून, ओटा धुऊन, ताकाची कावळी फडताळात ठेवून आई पदराला हात पुसत माजघरात यायची आणि उशाखालचं पुस्तक काढायची. शेजारच्या खोलीत आत्याचं शिवणयंत्र थांबायचं. काकू सोप्यावर खांबाला पाठ टेकून बसायची. आजी डोळे मिटून आडवी व्हायची, पण कान जागे असायचे, कारण तिच्यासाठी कुणीतरी मोठ्यानं वाचायचं असायचं. चहाचं आधण चार वाजता. मधले अडीच तास आमच्या घरातल्या बायकांचे स्वतःचे होते. त्या अडीच तासांत त्यांनी किती कादंबऱ्या वाचल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

माझा जन्म १९६६ चा. माझ्या वयाच्या पुष्कळांनी अशी दुपार पाहिली असेल. गाव सातारा असेल, नाशिक असेल, बेळगाव असेल. वाड्याऐवजी चाळीतली दोन खोल्यांची जागा असेल. पण वाचनालयाचं ते खाकी कव्हर घातलेलं पुस्तक, शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी आणि ‘आज बदलून आण हं, उद्या दंड पडेल’ ही हाक तुमच्याही घरात असणार.

पुस्तक बदलून आणायचं काम माझं होतं. म्हणून मला ते समासही माहीत होते. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कुणी ना कुणी पेन्सिलीनं लिहायचंच. नायिकेनं घर सोडलं त्या पानावर एकानं लिहिलेलं असे, ‘हे पटत नाही.’ खाली दुसऱ्या अक्षरात, ‘तुम्हाला का पटावे?’ त्याखाली तिसऱ्या, नाजूक अक्षरात, ‘मला पटले.’ कोण होती ही माणसं, कधी कळलं नाही. एकाच गावात राहून एकमेकांशी न बोलणारी माणसं त्या समासात बोलत होती. आणि ते बोलणं खरं तर लेखकाला ऐकू जावं म्हणून असायचं.

घरात प्रत्येकाचा एक ‘आपला’ लेखक होता. आजोबांचे खांडेकर. त्यात पुन्हा खांडेकर सांगलीचे; ११ जानेवारी १८९८ ला इथंच जन्मलेले, त्यामुळे आजोबा त्यांच्याविषयी घरच्या माणसाविषयी बोलावं तसं बोलत. शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून १९३८ पर्यंत मास्तरकी केली, मग कोल्हापुरात गेले, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ‘ययाती’ला ज्ञानपीठ मिळालं, मराठीला मिळालेलं ते पहिलंच, तेव्हा आजोबांनी बोळात पेढे वाटले होते. मी लहान होते. पेढ्यांचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

आजोबा ‘ययाती’ उघडत ते शेवटाकडून. खांडेकरांनी कादंबरीच्या अखेरीला ‘पार्श्वभूमी’ लिहिली आहे. ही कथा मनात कशी रुजली, महाभारतातल्या ययातीहून आपला ययाती वेगळा का केला, हे त्यांनी वाचकाला समोर बसवून सांगितलं आहे. खांडेकरांना अशा प्रस्तावनांची सवयच होती. आपलं पुस्तक कसं घडलं हे ते पुन्हा पुन्हा मोकळेपणानं लिहीत. आजोबा म्हणायचे, “हे मला आलेलं पत्र आहे. माझ्यासारख्या हजारोंना आलेलं असेल, पण मलाही आलेलं आहे.” या वाक्यातली गोष्ट मला आता पटते. लेखक आपल्या माजघरात वाचकाला घेतो, तेव्हा वाचकाला मान मिळतो. आजोबा आयुष्यभर तालुका कचेरीत कारकून होते. त्यांना असा मान देणारी माणसं थोडी होती.

काकांचे ना. सी. फडके. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली आलं. कादंबरी आणि लघुकथा कशी लिहावी, कथानक कसं बांधावं, सुरुवात कशी करावी, हे शिकवणारं पुस्तक. काकांची प्रत पाठ मोडून सुटी झालेली, दोऱ्यानं बांधलेली. लिहिणं हे शिकता येतं, त्याला तंत्र असतं, या विचारानं काकांना धीर दिला होता. बँकेच्या कोऱ्या पावत्यांच्या मागं ते कथानकांचे आराखडे काढत. फडके १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि लगेच पुढच्या वर्षी सोलापूरला खांडेकर. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा त्या दोघांच्या नावानं चाललेला वाद आमच्या घरात आजोबा आणि काका यांच्यात रात्रीच्या जेवणावर चालायचा. आमटी गार व्हायची. आजी म्हणायची, “दोघं लेखक आपापल्या घरी सुखानं जेवत असतील, तुम्ही का उपाशी?”

आजीची ‘स्वामी’. रणजित देसाईंची ती कादंबरी १९६२ ची. आजीला वाचता येत होतं, पण डोळे गेले होते, म्हणून आम्ही पाळीपाळीनं वाचून दाखवायचो. माधवराव आणि रमाबाईंच्या शेवटाला आली की ती हात वर करायची. मग थांबायचं. एकदा सगळं घर एसटीनं थेऊरला गेलं ते गणपतीला म्हणून. पण आजीला रमाबाईंच्या वृंदावनापुढं उभं राहायचं होतं. गणपतीपेक्षा ती तिथं जास्त वेळ थांबली.

आईची ‘मृत्युंजय’. शिवाजी सावंत कोल्हापुरात शिक्षक होते, १९६७ साली कादंबरी आली तेव्हा तिशीही ओलांडलेली नव्हती. कर्णाची गोष्ट कर्ण सांगतो, शोण सांगतो, वृषाली सांगते, कुंती, दुर्योधन आणि शेवटी कृष्ण. आई म्हणायची, “आपल्या घरात भांडण झालं की असंच होतं. बंबाच्या पाण्यावरून झालेलं भांडण सहा जणांना विचारा, सहा भांडणं निघतील.” आईचं शिक्षण सातवीपर्यंत. कथनाचा दृष्टिकोन हा शब्द तिनं कधी ऐकला नसेल. पण एकच घटना वेगवेगळ्या तोंडून सांगितली की तिचं काय होतं, हे तिला चांगलं कळलेलं होतं.

आणि दादाची ‘कोसला’. दादा विलिंग्डन कॉलेजात गेला आणि वर्षभरात तिच्यातल्या पांडुरंग सांगवीकरासारखा बोलायला लागला. वाक्याच्या शेवटी ‘वगैरे’. भालचंद्र नेमाड्यांनी ती कादंबरी पंचविशीत लिहिली, हे कळल्यावर त्यानं स्वतःला सहा वर्षांची मुदत घातली. त्याच्या टेबलावर एक वही उघडी असायची. तिच्यात पहिलंच पान पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं.

या सगळ्या माणसांच्या मनात एकच प्रश्न होता, शब्द निरनिराळे. हे लिहितात कसं? रमाबाईच्या मनातलं देसाईंना कुणी सांगितलं? हा शेवट आधी ठरला होता की लिहिता लिहिता आला? ‘गारंबीचा बापू’ वाचून दापोलीकडं बापूचा माग काढणारी माणसं असत, असं आम्ही ऐकायचो. ते वेडेपण मला अजूनही जवळचं वाटतं. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते आणि लिहीत होते कोकणातलं, आपल्या मुर्डीच्या आसपासचं. मुंबईतल्या नोकरीत राहून गावाचं रान असं डोळ्यापुढं कसं उभं राहतं? वाचकाला हे विचारावंसं वाटतं, कारण त्याच्याही मनात एक गाव असतं आणि ते त्याला उभं करता येत नसतं.

विचारायची सोय होती. पुस्तकाच्या पहिल्या पानामागं प्रकाशकाचा पत्ता असे, पुष्कळदा लेखकाचा स्वतःचाच. व्याख्यानमालेत लेखक आला की शेवटी चिठ्ठ्या गोळा करत. आणि पोस्ट होतं. एकोणऐंशी साली पोस्टकार्ड पंधरा पैशांना मिळायचं. जास्त लिहायचं तर पाकीट, आणि आत उत्तरासाठी आपला पत्ता घालून, तिकीट लावून, घडी केलेलं दुसरं पाकीट. लेखकाला भुर्दंड पडू नये, एवढं त्या वाचकांना कळत होतं.

आत्यानं पत्र लिहिलं ते १९७९ च्या श्रावणात. आत्याविषयी थोडं सांगायला हवं. ती बाबांची थोरली बहीण. बाबा तिला आक्का म्हणत, म्हणून वाड्यात सगळ्यांचीच ती आक्का. तेविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. सासरच्या घराविषयी ती तोवर कधी बोलली नव्हती. कपडे शिवून चार पैसे मिळवायची आणि आठवड्याला दोन पुस्तकं वाचायची. बहुतेक बायकांनी लिहिलेली. ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा तिच्या तोंडून आलं. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आलं तेव्हा ही विभावरी कोण, म्हणून महाराष्ट्रात केवढी खळबळ माजली होती. मागाहून कळलं, मालतीबाई बेडेकर. आत्या म्हणायची, “पुस्तक वाचून लेखिकेला शोधायला निघतात, ते रागानं निघोत की मायेनं, म्हणजे तिनं नेमकं ठिकाणावर बोट ठेवलंय.”

त्या श्रावणात तिनं एका लेखिकेची कादंबरी वाचली. लेखिकेचं नाव मी इथं लिहीत नाही. पत्र खाजगी होतं, आणि आत्यानं तसं सांगून ठेवलं होतं. कादंबरीतली बाई सगळं सोसून शेवटी नवऱ्याच्या घरी परत जाते. आत्याला तो शेवट गिळवेना. तीन दिवस तिचं मशीन चाललं नाही. चौथ्या दिवशी तिनं माझ्या वहीतली चार पानं मागितली.

मायना काय लिहायचा यावरच दुपार गेली. काका म्हणाले, “मान्यवर लिही.” काकू म्हणाली, “ओळखदेख नाही, नुसतं नमस्कार लिहा.” आत्यानं विचार करून लिहिलं, ‘सप्रेम नमस्कार’. म्हणाली, “ओळख नाही हे खरं, पण सप्रेम तर आहेच.” मग ती लिहायला बसली. मी समोर बटणांचा डबा आवरत होते. ती ओठ हलवत लिहायची, मग थांबून कात्रीच्या टोकानं टेबलावरचा धागा उचलायची, पुन्हा लिहायची. शेवटी तिनं मला वाचून दाखवलं. त्यात दोन प्रश्न होते. एक, तुमची बाई परत का गेली? दुसरा, एकटी असताना तिच्या मनात काय चालतं ते तुम्हाला कसं कळलं? ते आम्हाला आमचंसुद्धा कळत नाही.

सव्वा महिन्यानं उत्तर आलं. पोस्टमननं सायकलची घंटी वाजवली आणि आत्याचं पाकीट, तिच्याच अक्षरातला पत्ता असलेलं, माझ्या हातात दिलं. ते जाड होतं. आत्यानं शिवणाच्या कात्रीनं कडेची एक बारीक पट्टी कापली, कागद फाटू नये म्हणून. दोन पानं, दोन्ही बाजूंनी निळ्या शाईनं लिहिलेली.

त्या पत्रातलं मला आठवतं ते सांगते. लेखिकेनं लिहिलं होतं की तो शेवट तिनं चार वेळा लिहिला. पहिल्या तीन वेळा बाई निघून जाते. तिन्ही वेळा लेखिकेला बरं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी वाचताना खोटं वाटलं. जाणं हे लेखिकेला हवं होतं. त्या बाईची तोवर तयारी झालेली नव्हती. चौथ्या वेळी तिनं बाईला तिच्या मर्जीवर सोडलं आणि ती परत गेली. लेखिका पुढं म्हणत होती, मलाही तुमच्याइतकाच तिचा राग आला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात कायमचं राहिलं. मनात काय चालतं ते मलाही कळत नाही, असं तिनं लिहिलं होतं. मनाच्या मागं लागलं की माणूस मोठमोठे शब्द वापरायला लागतो. म्हणून मी एवढंच विचारते, त्या वेळी तिच्या हातात काय होतं? हातातली वस्तू सापडली की पुढचं हळूहळू कळत जातं. आणि मग तिनं आत्यालाच विचारलं होतं. तुमच्या पत्रावरून वाटतं, तुम्हीही कधी एक घर सोडलं असावं. त्या दिवशी तुमच्या हातात काय होतं?

आत्यानं पत्राची घडी घातली आणि ती देवघरात जाऊन बसली. रात्री जेवणं झाल्यावर, आम्ही सगळे सोप्यावर असताना, ती आपण होऊन बोलली.

“कंदिलाची काच होती,” ती म्हणाली. “दीर दारात गाडी जुंपून उभा होता, माझी ट्रंक ठेवलेली. मी राखेनं काच पुसत होते. सासूबाई म्हणाल्या, राहू दे आता. मी म्हटलं, संध्याकाळी लागेल. पूर्ण पुसली, फडक्यानं पुन्हा कोरडी केली, कंदिलात बसवली, वात कापली. मग निघाले.”

कुणी काही बोललं नाही. आजीनं हात पुढं करून तिचा हात शोधला. एकवीस वर्षांत त्या घराविषयी आत्यानं सांगितलेलं हे पहिलं वाक्य होतं, आणि त्यात रडणं नव्हतं, कुणाला दोष नव्हता. पण तिचं सासर, तिचं तिथलं काम, त्या घरात उद्या संध्याकाळ होणार आणि आपण तिथं नसणार हे तिला ठाऊक असणं, सगळं आम्हाला दिसलं. मी तेरा वर्षांची होते. लिहिणं म्हणजे काय, हे मला त्या रात्री समजलं. पुढं मी मराठी शिकवलं, चाळीस वर्षं होत आली लिहिते आहे. त्या रात्रीपेक्षा मोठा धडा मला मिळालेला नाही.

आत्यानं हे लेखिकेला कळवलं. उलट टपाली कार्ड आलं, त्यावर एकच ओळ, की हे लिहून काढा. आत्यानं लिहायला घेतलं. दोन वर्षं ती दुपारची लिहीत होती. शिवणाच्या मापांच्या वहीत, उलट्या बाजूनं. एक कथा तिनं दिवाळी अंकाला पाठवली, ती साभार परत आली. तिनं ती पुन्हा वाचली, पहिलं पान काढून टाकलं आणि म्हणाली, “आता बरी झाली.” दुसरीकडं कुठं पाठवली नाही. तिचं लिहिणं छापलं गेलं नाही. पण आमच्या घरात ते सगळ्यांनी वाचलं. काकांनी तंत्राच्या दृष्टीनं तपासलं आणि पहिल्यांदाच काही सुचवलं नाही.

‘हातात काय होतं?’ हा आमच्या घरातला प्रश्न झाला. मी शाळेसाठी ‘माझी आई’ निबंध लिहिला, वात्सल्यसिंधू वगैरे घालून. आत्यानं वही परत दिली: “आईच्या हातात काय आहे?” मी बघून आले. आईच्या हातात विळीवर धरलेली शेवग्याची शेंग होती आणि अंगठ्याला जुन्या कापाची रेघ. निबंध पुन्हा लिहिला. दादानं वहीतलं पहिलं पान सोडून दुसरं पान लिहिलं. आजी तर ‘स्वामी’ ऐकतानाही विचारायला लागली, “रमाबाईच्या हातात काय होतं रे तेव्हा?” आणि वाचणाऱ्याला मागं जाऊन शोधावं लागायचं.

अशी पत्रं त्या काळात घरोघर गेली आणि आली. खांडेकरांची दृष्टी अखेरच्या वर्षांत गेली होती, तरी लेखनिकाच्या मदतीनं त्यांचं काम चालू राहिलं. धारवाडचे जी. ए. कुलकर्णी लोकांत मिसळत नसत, गर्दीपासून दूर राहत. पण पत्रांत ते केवढे मोकळे होते, हे त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड वाचणाऱ्याला ठाऊक आहे. सुनीताबाई देशपांड्यांनी त्यांना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या नावानं पुस्तकरूपात आली. ती वाचताना मला आत्या आठवते. सुनीताबाईंचं वाचन कुठं आणि आत्याचं कुठं. पण जिव्हाळ्याची जात एकच. मला हे पुस्तक आवडलं, एवढं सांगून थांबणारी ही माणसं नव्हती. हे असं का, हे तिथं का थांबलात, मला इथं अडलं, असं ती विचारायची. आणि चांगला लेखक त्या प्रश्नाला आपल्या कामातलाच भाग समजायचा.

मला वाटतं, आपल्या पिढीला लिहिण्याचं शिक्षण मिळालं ते या पत्रांतून. तेव्हा कार्यशाळा नव्हत्या. फडक्यांच्या पुस्तकासारखी थोडी पुस्तकं होती. पण एका बाईनं आपला शेवट तीन वेळा खोडला, हे आत्याला कळलं तेव्हा लिहिणं ही देवाची देणगी आहे हा समज आमच्या घरातून गेला. ते ओव्या म्हणत जात्यावर दळण्यासारखं काम आहे, हात भरून येईपर्यंत करायचं, हे आम्हाला दिसलं. आणि काम म्हटलं की आमच्या घरातल्या बायकांना त्याची भीती राहिली नाही. कामाची भीती त्यांना कधीच नव्हती.

लेखकालाही या पत्रांतून मिळत असे. त्या लेखिकेच्या दुसऱ्या एका कादंबरीत, पुष्कळ वर्षांनी आलेल्या, एक बाई घर सोडण्यापूर्वी देवापुढची समई घासून ठेवते. आत्यानं ते पान वाचलं, पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि बराच वेळ अंगणाकडं बघत राहिली. मी विचारलं, “तुझं आहे का गं ते?” ती म्हणाली, “माझा कंदील होता. समई तिची आहे.” तिच्या आवाजात अभिमान होता आणि हक्क अजिबात नव्हता. वाचकानं लेखकाला काही द्यावं आणि ते विसरून जावं, हे मी तिच्याकडून शिकले.

आत्या १९९६ साली गेली. ती दोन्ही पत्रं, तिची मापांची वही, काकांचे आराखडे, आजोबांची ‘ययाती’ हे सगळं मागच्या खोलीत एका पत्र्याच्या ट्रंकेत होतं. आम्ही भावंडं पुण्याला, मुंबईला पांगलो होतो. दर दिवाळीला म्हणायचो, पुढच्या खेपेला ट्रंक लावून घेऊ. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा गावभागात शिरली. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हा ट्रंकेत गाळ होता आणि कागदांचा एक गोळा. निळी शाई पाण्यात विरघळून गेली होती. मापांच्या वहीची पानं सुटी करायला गेले तर ती बोटांना चिकटून तुटली. ज्या वाचनालयातून मी पुस्तकं बदलून आणायची, त्या सांगलीच्या नगर वाचनालयातही त्याच पुरात हजारो पुस्तकं गेली. समासातली ती पेन्सिलीची अक्षरंही गेली असणार.

ते पत्र मी तुम्हाला अर्धंमुर्धं सांगितलं ते यासाठीच. माझ्यापाशी कागद नाही. मला आठवतं तेवढंच आता उरलं आहे, आणि तेही आम्ही ते चाळीस वर्षं एकमेकांना म्हणून दाखवत आलो म्हणून.

तर माझ्या दोन मागण्या आहेत. तुमच्या घरी माळ्यावर, कपाटाच्या वरच्या फळीत, आईच्या साड्यांखाली एखाद्या लेखकाचं पत्र असेल, किंवा घरातल्या कुणी लेखकाला लिहिलेल्या पत्राचा कच्चा खर्डा असेल, तर येत्या सुट्टीत ते बाहेर काढा. फोटो काढून ठेवा, पुन्हा हातानं उतरवून घ्या, आणि जपणार नसाल तर जपणाऱ्याला द्या. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय आहे. आपल्या गावच्या वाचनालयालाही विचारून बघा. रद्दीवाल्याच्या तराजूत ते पाव किलोसुद्धा भरणार नाही.

आणि दुसरं. आज मराठीत लिहिणारी माणसं आहेत, कदाचित तुमच्याच गावात. त्यांच्यापैकी कुणाचं तरी एक पान तुम्हाला अडलं असेल. त्यांना विचारा. कार्डावर लिहा, फोनवरून लिहा, पण चांगलं आहे एवढ्यावर थांबू नका. कुठं अडलं ते लिहा, का अडलं ते लिहा, आणि त्या वेळी तुमच्या हातात काय होतं तेही लिहा.